मुठीतली काळी चकती

२०२३ साल. मी एकाहत्तरचा, मामू माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बजाजनगरात एकाच पत्र्याखाली आमची दोन टेबलं, काम पॉवर सप्लाय दुरुस्तीचं. अनोळखी पार्ट आला की मामू तो मुठीत धरायचा, बोटांच्या फटीतून मीटरच्या दोन पिना आत सारायचा आणि काट्याकडं बघत बसायचा.

"अंडं उबवतो का रं?" मी विचारायचो.

"ठैरो तात्या. पार्ट गुंगा हाय, बोलेंगा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सिल्लोडहून रोज बसनं यायचा. बस चुकली तर दुसरी येईपर्यंत उभा राहायचा, कुणाला काही बोलायचा नाही.

मी चौथी नापास. पण चाळीस वर्षं पार्ट नजरेनं ओळखलेत, मूठबीठ मला लागत नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो. मामूलाही रोज सांगायचो.

एका दुपारी हर्सूलहून एक बाई पिशवीतून सासूच्या ऑक्सिजन मशीनचा पॉवर सप्लाय घेऊन आल्या. सासूला तोवर सिलिंडर लावलेला, तो संध्याकाळपर्यंतच पुरणार होता. सप्लायमध्ये एक काळी चकती जळालेली. दोन पाय, नंबर गेलेला.

"कपॅसिटर," मी लगेच म्हणालो.

"तात्या, ठैरो..."

मी थांबलो नाही. नवा कपॅसिटर लावला. सप्लायवरचा दिवा लागला नाही. फ्यूज बघितला, चांगला होता. मग तोच कपॅसिटर काढून पुन्हा लावला. दिवा पुन्हा लागला नाही. बाई घरी फोन लावायला बाहेर गेल्या.

मामूनं बोर्ड उलटा केला, तांब्याच्या पट्टीवर नख फिरवलं. "इथं कपॅसिटर असता तर दोन लायनींच्या मधी बसला असता. ह्यो एकाच लायनीच्या वाटंत उभा हाय." डब्यातून तसलीच चकती काढून त्यानं मुठीत धरली. ऊब लागली तसा काटा सरकला. थर्मिस्टर. थंड असला की वीज अडवतो, तापला की वाट देतो. मशीन चालू करताना वीज एकदम घुसू नये म्हणून बसवतात.

तो लावला. दिवा लागला.

बाई धावत आत आल्या. "कुणी शोधलं?"

"नजर तात्यांची हाय," मामू म्हणाला आणि चहा सांगायला गेला.

बाईंनी मला हात जोडले. मी मान डोलावली.

उद्या मामूशी चार शब्द बोलू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, सिल्लोडहून फोन आला. पहाटे झोपेतच गेला होता. मी पुढच्या बसनं गेलो. कबरीवर सगळ्यांबरोबर तीन मुठी माती टाकली.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी दुकान उघडलं नाही, थेट हर्सूलला त्या बाईंचं घर गाठलं. म्हातारी खाटेवर बसलेली, नाकाला नळी, शेजारी मशीन घरघरत होतं.

"आजी, हे मी नाही दुरुस्त केलं. मी चुकीचा पार्ट लावला होता. मामूनं ओळखला."

"कुनी का असंना," म्हातारी म्हणाली. "हवा येतीया. बसा."

मी बसलो नाही. उभ्यानंच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.