न चाखलेलं पुरण

नांदुऱ्यात कुणाकडे लग्न ठरलं की मुहूर्ताच्या आधी जनकाबाईंना विचारत. पुरणाचे मांडे करावेत तर त्यांनीच. पण मागच्या लग्नात वजन वाढलेल्या बाईंना चुलीपुढून उठताच येईना. शेवटी दोघांनी बखोटीला धरून उभं केलं आणि मांडवात खसखस पिकली. त्यात आता नात पायलचं लग्न आलेलं. तिथंही खुर्चीवर बसून दुसरीच्या हातचे मांडे खायचे, ही कल्पनाच त्यांना सोसेना.

बाई हट्टाला पेटल्या. बाजारातून वजन उतरवायची कसलीशी भुकटी आणली, जेवण तोडलं आणि आठवड्याच्या आत घेरी येऊन मोरीत पडल्या. पायलनं त्यांना तडक डॉक्टर स्वरदांकडे नेलं.

डॉक्टरांनी आधी भुकटी बंद केली. रक्त तपासायला दिलं, गुडघे पाहिले.

"घाईनं वजन उतरवलं तर अंगातली ताकद जाते आणि वजन परत येतं. आपण हळू जाऊ. दिवसभर काय खाता?"

"काहीच नाही बाई. दोन वक्ताची भाकर-भाजी. तरी आंग सुटूनच राह्यलं."

"आजी, अन् चुलीपाशी?" पायलनं विचारलं.

"ते काय खानं हाय वं? चव तं पाहा लागते."

पुरण, बुंदी, रस्सा, भजी; आज या घरी, उद्या त्या घरी, चव पाहता पाहताच पोटभर होत होतं. डॉक्टर हसल्या.

"देवाच्या नैवेद्याचं पुरण चाखता?"

जनकाबाईंनी कानाला हात लावले. "देवाचं उष्टं करू काय?"

"मग ते बिघडतं?"

"एकडावही नाही." म्हणाल्या आणि स्वतःच चपापल्या.

"तर आजपासून सगळाच स्वयंपाक नैवेद्याचा."

घरी परतताना बाईंचा आनंद गगनात मावेना. एवढं सोपं कुणी सांगितलंच नव्हतं. वेळेवर पोटभर साधं जेवण, खुर्चीवरून हात न टेकता उठायचा सराव, दर महिन्याला डॉक्टरांकडे खेप. वजन मुंगीच्या पावलानं उतरत होतं, पण उतरलेलं पुन्हा चढत नव्हतं. गुडघेही कुरकुरायचे थांबले.

पायलच्या लग्नात जनकाबाई चुलीपुढं पाटावर बसल्या. शेवटचा मांडा खापरावरून उतरला, तशी दोन माणसं सवयीनं पुढं आली. बाईंनी एकाच्या हातात परात दिली, दुसऱ्याच्या हातात उलथनं, आणि उठल्या. कुणालाही न धरता.

"पायल, नैवेद्य दाखवला काय वं?"

"हाव आजी, कवाचाच."

"मग आण एक मांडा. आता चाखते."