दोन साधनं, एक ओळ
मळीचा वास आला की आजही माझं डोकं तापतं. श्रीरामपुरातल्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. त्या हंगामात जुन्या कोडची साफसफाई एआय एजंटकडे दिली. त्याच्या हाताशी शोधायची दोन साधनं होती. पहिलं, एखादं फंक्शन, म्हणजे ठराविक काम करणारा कोडचा तुकडा, कुठे लिहिलंय ते दाखवणारं; दुसरं, ते कुठेकुठे वापरलंय ते दाखवणारं. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी पूर्वी आमच्यासाठी लिहून ठेवलेल्या माहितीत मात्र दोन्हींपुढे एकच ओळ होती, 'फंक्शन शोधा'. तीच त्यालाही दिली. त्याने पहिलं साधन उचललं, एकच जागा सापडली, म्हणजे हे कुणी वापरत नाही असं धरून पावती छापणारं फंक्शनच उडवलं. सकाळी काट्यावर पावती निघेना, ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यावर गेली. मी कारखान्यावर धावले. "ताई, ऊस वाळून चाललाय, तुमी काय बघत बसलाय?" एक ड्रायव्हर ओरडला. फोनवर साहेब म्हणाले, "एआय लई बिनडोक हाय." माझा तोल सुटला. "दोन्हींपुढं तेच लिहिल्यावर त्याला काय स्वप्न पडणार होतं?" "अगं, आपल्या पोरांना कळतंच की!" कळतं, कारण ती मला येऊन विचारतात! फंक्शन परत टाकलं आणि काट्याच्या खोलीतच बसून दोन्ही ओळी नव्याने लिहिल्या. काय सापडेल, काय सापडणार नाही, काही काढण्याआधी कोणतं वापरायचं. एका यंत्रासाठी मी एवढी का भांडले, ते आता कळतं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात त्याच ओळीवर विसंबून मीही चुकीचं फंक्शन काढलं होतं. साहेबांनी मलाही बिनडोकच म्हटलं होतं, आणि मी माफी मागितली होती.