राणीचा आतला सदरा

रियाधमध्ये आमच्या गल्लीत रत्नागिरीकडचे एक शिंपी आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. शाळेच्या नाटकात माझी मुलगी चारपाचशे वर्षांपूर्वीची युरोपातली राणी होणार होती. चाचा आम्ही नेलेल्या राणीच्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. मग चित्रावर बोट ठेवत आतल्या कपड्यापासून बाहेरच्यापर्यंत एकेक सांगत गेले: अंगालगत पांढरा सुती सदरा, त्यावर नाडीनं आवळायची चोळी, घेरदार परकर, वेगळ्या बांधायच्या बाह्या आणि सगळ्यावर मखमली झगा.

"सदरा किसको दिखेगा, अंकल?" मुलगी म्हणाली.

"दिसत नाही गं. पण अंगाला तोच लागतो."

बाकीचे शिंपी सुती कापड जरासं कातरून टर्रकन फाडतात. चाचा कितीही लांब कापड असलं तरी शेवटपर्यंत कात्री चालवतात. एकदा मी घाईत होते, म्हटलं, "फाडा ना." मान वर न करता म्हणाले, "बाई, हातानं आम्ही कफन फाडतो."

सदऱ्याच्या मापाला गेलो, तेव्हा त्यांना फोन आला. कामगारांच्या कॅम्पमधला त्यांच्या गावचा माणूस गेला होता. चाचांनी सदऱ्यासाठी काढलेला पांढरा तागा उचलला आणि हातानं फाडला. त्या आवाजानं मुलगी माझ्यामागे सरकली.

"उरलेल्यात सदरा होईल, चाचा," काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले.

"ह्यातलं पोरीला नको. दुसरं आणतो."

उरलेल्या कापडाची त्यांनी नीट घडी घातली आणि कोपऱ्यातल्या स्वतःच्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी ठेवली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.