हलक्या बंदुकीला हलकीच दुर्बीण

बाबांच्या रायफलीला मी कधी घाबरले नाही, कारण ती बिचारी कधी कोणाचं काही करतच नाही. शिकार बंद झाली तेव्हा मी जन्मलेही नव्हते. आजोबांनी हौसेनं घेतलेली ती शिकारी रायफल पुढे बाबांच्या लायसन्सवर आली, आणि तेव्हापासून तिला दोनच कामं. एखाद्या रविवारी शहराबाहेरच्या रेंजवर जाऊन कागदाला भोकं पाडायची, आणि दसऱ्याला पाटावर बसून हळदीकुंकू लावून घ्यायचं. बाकी वर्षभर ती तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात कुलपात पडलेली. बारीक नळी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि इतकी हलकी की बाबा या वयातही एका हातानं उचलतात. "जंगलात दिवसभर खांद्यावर वागवायची वस्तू, जड काहून पाहिजे?" हे त्यांचं वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

खरा प्रश्न डोळ्याचा होता. बाबांचा डावा डोळा काचबिंदूनं कधीच नेला. उरला उजवा. त्यावरही मोतीबिंदू आला, ऑपरेशन झालं, आणि आम्ही सगळ्यांनी देवापुढे साखर ठेवली, कारण लांबचं लख्ख दिसायला लागलं. समोरच्या देवळाच्या कळसावर कबुतर बसलं तरी बाबा ओसरीवरून सांगायचे. जवळचं मात्र चष्म्याशिवाय धुरकट. आता जुन्या बंदुकीचा नेम धरायचा म्हणजे डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लांबचा कागद, तिन्ही एका ओळीत दिसावे लागतात. बाबांना कागद दिसायचा, माशी अर्धीमुर्धी दिसायची, आणि खाच तर गायबच. चष्मा लावला की खाच यायची आणि कागद जायचा.

एका रविवारी ते रेंजवरून आले, चहा न पिता बसले आणि म्हणाले, "एकही गोळी कागदाले लागली नाही. झालं आता. बंदूक ठाण्यात जमा करून टाकू."

"काहून?" मी म्हटलं.

"डोळा गेला पोट्टे. आंधळ्याच्या घरी बंदूक कशाले?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आंधळा म्हणे! कबुतर दिसतं त्याला आंधळा म्हणतात का? पण माझ्या चिडण्याच्या खाली भीती होती, आणि ती त्यांनाही होती. बंदूक कपाटात आहे तोवर डोळा आहे, असा काहीतरी हिशेब त्या माणसानं मनात बांधून ठेवला होता. बंदूक गेली की ते ओसरीवर बसून एक एक गोष्ट सोडत जाणार, आधी पेपर, मग कळस, मग आम्ही. माझे बाबा असेच आहेत. एक खिळा निखळला की अख्खी खाट मोडून ठेवतात.

दुर्बिणीची गोष्ट त्यांना रेंजवरच्याच एका वकिलांनी सांगितली. बंदुकीवर दुर्बीण बसवली की नेमाची खूण आणि कागद एकाच ठिकाणी, एकाच स्पष्टपणानं दिसतात. खाच नको, माशी नको. एवढं ऐकल्यावर मी बाबांना उसंत दिली नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही बंदुकीच्या दुकानात.

तिथं आमचं जे भांडण झालं ते दुकानदार अजून विसरला नसेल. माझं म्हणणं सरळ होतं, डोळा अधू आहे तर सगळ्यात मोठी, सगळ्यात जास्त पटीची दुर्बीण घ्या. दुकानदारही माझ्याच बाजूचा. त्यानं कपाटातून एक हातभर लांब नळकांडं काढलं. पुढची काच वाटीएवढी. "अंकल, ये ले जाओ, चौबीस गुना. दूर की चींटी भी दिखेगी."

"मुंगी मारायची नाही मले," बाबा म्हणाले. त्यांनी ती हातात तोलली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. "नाकापेक्षा मोती जड."

"बाबा, वजनाचं काय घेऊन बसलात? दिसणं महत्त्वाचं ना!"

"तू पाय मंग."

मी दुकानाच्या दारात उभी राहून रस्त्यापलीकडच्या मिठाईवाल्याच्या पाटीकडे पाहिलं. पाटी कुठली! एक अक्षर दिसलं, तेही इकडून तिकडे नाचत होतं. माझा श्वास, माझ्या हाताची थरथर, सगळं चोवीस पट होऊन डोळ्यात येत होतं. डोळा जरा सरकला की काळाकुट्ट अंधार. मी गुपचूप ती परत दिली. मग बाबांनी मागितली ती अगदी लहान, चार पटीची, पट बदलायची भानगड नसलेली. दुकानदारानं तोंड वाकडं केलं, पण काढली. बाबांनी ती डोळ्याला लावली आणि तशीच धरून ठेवली. मग मोठ्यांदा वाचायला लागले, "शुद्ध देशी घी. जलेबी. समोसा. उधार बंद है." पाटी अख्खी दिसत होती आणि हलत नव्हती. दुकानात दोन गिऱ्हाइकं हसली. मीही हसले, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की बाबांचा आवाज कापतोय.

तरी लगेच घेतली नाही. आमच्या घरात टोमॅटोसुद्धा दाबून घेतात. एका दुर्बिणीतली नेमाची फुली केसासारखी बारीक होती, ती त्यांना दिसेना, म्हणून जाड फुलीची शोधली. हलकी बंदूक धक्का जोरात देते, तेव्हा काच भुवईपासून चांगली चार बोटं लांब राहूनही चित्र पूर्ण दिसलं पाहिजे, नाहीतर पहिल्याच गोळीला कपाळमोक्ष. तेही बोटं मोजून पाहिलं. शेवटची धास्ती होती ती बंदुकीला भोकं पाडायची. आजोबांच्या वस्तूला ड्रिल लावायचं या कल्पनेनंच बाबांचं तोंड उतरलं होतं. दुकानदारानं बंदूक उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाला, भोकं कारखान्यातूनच पाडलेली आहेत, वर टिकलीएवढे स्क्रू बसवलेत. इतक्या वर्षांत आमच्या कोणाच्या लक्षात नव्हतं. हुश्श!

दुर्बीण बसली तेव्हा दसरा दोनच दिवसांवर होता. आता आमच्या घरचा कायदा असा, की नवी वस्तू दसऱ्याच्या तोंडावर आली तर पूजेआधी वापरायची नाही. मिक्सर असो नाहीतर स्कूटर. बाबा जळफळले, पण थांबले. दसऱ्याला पाट मांडला, रांगोळी झाली, रिकामी रायफल पाटावर आडवी ठेवली, झेंडूची माळ घातली. पूजा आईची. मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. पूजेतली वस्तू त्या दिवशी हलवायची नाही, म्हणून ती रात्रभर पाटावरच राहिली. सकाळी बाबांनी उजेड फुटायच्या आत, चष्म्याशिवाय, माळ काढून ती कव्हरमध्ये घातली, आणि आम्ही दोघं गाडी काढून रेंजवर गेलो.

मी मागं बाकावर थर्मास उघडत होते. बाबा टेबलाशी बसले, दस्ता खांद्याला लावला, डोळा काचेला. आणि तसेच बसून राहिले. गोळी भरलीच नव्हती. मग डोळे मिटले, चाचपतच बंदूक खाली ठेवली, कव्हरमध्ये घातली आणि म्हणाले, "चाल घरी."

"काय झालं?"

"लाल दिसून राहिलं. सगळं लाल, धुक्यासारखं."

माझी पाचावर धारण बसली. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशननंतर बजावून सांगितलं होतं, लाल दिसलं, डोळ्यासमोर पडदा आला, तर धावत या. बाबांना साखरेचा त्रास. मी गाडी कशी चालवली मला आठवत नाही. गुढियारीच्या गोदामांच्या बाजूनं शॉर्टकट मारायला गेले आणि मालाच्या ट्रकांमध्ये अडकले. बाबा शेजारी डोळे घट्ट मिटून.

"बाबा, एकदा उघडून तर बघा!"

"नाही."

"काहून पण?"

त्यांनी मिटलेल्या डोळ्यावर तळहात दाबला. मग म्हणाले, "उघडला अन् लालच दिसलं तर?"

माझ्याही मनात तेच होतं. मी हॉर्न वाजवत राहिले, ट्रकवाल्यांना शिव्या घालत राहिले. शिव्या घालताना रडता येत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

बंदूक घेऊन दवाखान्यात जाता येत नाही, म्हणून आधी घरी थांबले. बंदूक कपाटात, किल्ली आईच्या हातात, "बाबांचा डोळा," एवढंच ओरडले आणि निघाले. आई दारात पुतळा होऊन उभी. ब्राह्मणपाऱ्यातल्या दवाखान्यात बाबांना मी हाताला धरून पायऱ्या चढवल्या. डोळे मिटलेलेच. लोक बघत होते, बघू दे.

डॉक्टरीणबाईंनी औषध घातलं, दिवा मारला, आतबाहेर तपासलं. माझा जीव टांगणीला लागला होता. मग त्या मागं सरकल्या आणि म्हणाल्या, "अंकल, आँख तो एकदम साफ है. आप सामने पढ़िए." बाबांनी अक्षरं वाचली. शेवटची ओळसुद्धा वाचली. औषधानं जरा फिकट दिसत होतं, पण लाल कुठंच नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला, आणि भांडं चांगलं मोठं असावं, कारण मी तिथल्याच स्टुलावर बसून हमसून हमसून रडले. बाबा मला म्हणतात, "अव, चूप. लोक काय म्हणतीन."

घरी आलो. आई देवापुढे बसलेली. डोळा ठीक आहे म्हटल्यावर तिनं आधी देवाला हात जोडले, मग बाबांना चार शब्द सुनावले. पण मग लाल काय होतं? मी कपाट उघडलं, रायफल काढली, दुर्बिणीला डोळा लावला. लाल! बोटानं काच पुसली तर बोट लाल. पुढच्या काचेवर ओलं कुंकू लावून सुकलेलं, मागच्या काचेवरही.

"आई!"

"हव, मीच लावलं," आई म्हणाली. तिला कळेचना मी का ओरडते आहे. "बंदुकीले नवा डोळा आला ना यंदा? तुह्या बाबाच्या डोळ्यासाठीच आला. म्हनून म्हटलं, पहिलं कुंकू त्याले. दोन्हीकडून लावलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी खाली बसून पोट धरून हसले. बाबाही आधी हसले. "अन् मी समजलो आंधळा झालो," असं म्हणाले, आणि मग त्यांचं हसू थांबलं. आईचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. ज्या डोळ्यासाठी तिनं कुंकू लावलं, त्याच डोळ्याला तिच्या कुंकवापायी सकाळभर मिटून राहावं लागलं होतं. ती आत निघून गेली.

काच साफ करायला मऊ कापड आणि धीर दोन्ही लागले. पुढच्या रविवारी बाबा रेंजवर गेले आणि कागद घडी करून खिशातून घेऊन आले. भोकं मधोमध नव्हती, पण होती कागदावरच. ठाण्यात जमा करायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

त्याला वर्ष झालं. यंदाच्या दसऱ्याला आईनं पाट मांडला, रांगोळी काढली, पाटाला कुंकू लावलं, फुलांना लावलं आणि ताम्हन बाजूला ठेवलं. बंदुकीला हातच लावला नाही. बाबा पाहत होते. त्यांनी दुर्बिणीच्या दोन्ही तोंडांवर रबरी टोपणं चढवली आणि म्हणाले, "अव, डोळ्याचं राहिलं ना."

"नको बाप्पा. माहा हात नाही लावत मी आता."

"लाव. तुह्या कुंकवानंच मले दिसते, असं नाही म्हनत मी." त्यांनी ताम्हन तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "पन लाव."

आईनं एका टोपणाला लावलं, दुसऱ्याला लावलं. बोटावर कुंकू उरलं होतं. ते तिनं बाबांच्या कपाळाला पुसलं, उजव्या डोळ्याच्या वर, तिरकं. संध्याकाळी सोनं द्यायला लोक आले, तरी बाबांनी ते पुसलं नाही.