गिरजामावशीचं कापलेलं कडवं

गिरजामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुळजापुरात एका वरातीत अडकलो होतो. पलीकडून मावसभाऊ ओरडत होता आणि मला एक अक्षर कळत नव्हतं, कारण डीजेच्या गाडीवर मावशीचंच गाणं लागलं होतं... तिसऱ्यांदा विचारल्यावर कळलं. गाडीपुढची पोरं नाचतच होती.

मावशी उमरग्याची. कॅसेटच्या जमान्यात लग्नाच्या नाचातली तिची गाणी पार सोलापूरपर्यंत वाजायची. हे गाणं तिनं स्वतः रचलेलं. शेवटच्या कडव्याला ती हलगी बंद करायला लावायची आणि नुसत्या आवाजात, सावकाश म्हणायची,

गिरजा म्हणे गड्यांनो, हलगी थांबवा आता
लेक निघाली सासरी, डोळे पुसते माता

नाचणारे जागच्या जागी थांबायचे. बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे.

मग रिमिक्सवाले आले. जुनं गाणं नव्या पोरांपर्यंत जावं, याला माझी ना नाही, मावशीचीही नव्हती. पण पद्धत बघा! गाणं दुप्पट पळवायचं, खाली धडधड ठोका घालायचा आणि वर स्वतःचं नाव घुमवायचं. आयत्या बिळात नागोबा म्हणतात ते हेच. दारावरून जाणाऱ्या वरातीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मावशीनं विचारलं, "कुणाची पोर गातीया रं ही?"

"तूच की मावशी."

ती लाजली, खूश झाली. ओट्यावर उभी राहून शेवटच्या कडव्याची वाट बघत राहिली... ते आलंच नाही. तिथं डीजेचं नाव आलं, तीनतीनदा. "माजं नाव कुटं गेलं?" एवढंच म्हणाली. तो प्रश्न आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

मावशीला जाऊन आठवडा झाला असेल, आणि तो रिमिक्सवाला डीजे घरी आला. माणूस वाईट नाही. फोटोपुढं हात जोडले, डोळेही भरले. "काका, मावशींसाठी श्रद्धांजली मिक्स केलाय," म्हणत त्यानं मोबाइलवर लावला. कडवं पुन्हा गायब.

"तिच्यासाठी केलंस आणि तिचंच नाव कापलंस?" मी भडकलोच.

"तितं ठेका तुटतो ओ काका. पब्लिक थांबतंय."

"अरे, थांबावं म्हणूनच रचलंय ते!"

तो ओशाळला. मोबाइल माझ्या तोंडापुढं धरून म्हणाला, "बरं, तुमी म्हना. घालतो म्या." मी म्हटलं. माझा आवाज बेसूर, पण म्हटलं.

"लई भारी, काका. परत एकदा म्हना की... जरा फास्टमधी."

मी परत म्हटलं. मावशी म्हणायची तेवढंच सावकाश. संपेपर्यंत त्याला मोबाइल धरून थांबावं लागलं.