शेजारच्या कॉटवर

भूत, चकवा, पिंपळाखालची बाई असलं यात काहीच नाही. तशी अपेक्षा असेल तर इथेच थांबा, उगीच नंतर मला नावं ठेवू नका. मी ख्रिस्ती आहे... मराठी ख्रिस्ती, मूळ नगरकडची, जन्म आणि सगळा संसार मुलुंडचा. देवावर माझा विश्वास होता, पण ‘असल्या गोष्टींवर’ कधीच नव्हता. दोन्हींत फरक काय असं मला कोणी विचारलं असतं तर मी तासभर बोलले असते. आता बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

त्यात माझी नोकरी तशी. एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात माझे केस पांढरे झाले. समोरचा माणूस खरं सांगतोय की रचून, हे ओळखायचाच मला पगार मिळायचा. चर्चमध्ये कोणी साक्ष द्यायला उभं राहिलं – म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उठून सांगतात, त्याला आमच्यात साक्ष म्हणतात – की माझ्या डोक्यात आपोआप प्रश्न सुरू व्हायचे. डॉक्टर काय म्हणाले? रिपोर्ट कुठे आहे? मी काहीतरी पुटपुटले की शेजारी बसलेला विनय कोपर मारायचा. विनय म्हणजे माझा नवरा.

विनयला एक खोड होती. रांगेत उभा राहिला की मागच्याला पुढे करायचा. बँकेत, दवाखान्यात, लग्नात हातात ताट घेऊन उभं असताना, कुठेही. मागे कोणी म्हातारं असो, कडेवर पोर घेतलेली बाई असो, नाहीतर नुसता आठ्या घातलेला धडधाकट माणूस असो, हा बाजूला सरकून म्हणणार, “तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही.” लोक खूश. वैताग माझा. कारण मी त्याच्या मागेच उभी असायचे ना! त्याने एकाला पुढे घेतलं की मीही एकाने मागे. “तुझा नंबर तू दे रे, माझा कशाला वाटतोस?” असं मी किती वेळा म्हणाले असेन. तो हसायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला रांग लागते, तिथेसुद्धा आम्ही दोघं नेहमी शेवटी.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे, मागच्या खिडकीतून हायवे दिसतो. रविवारी सकाळी चर्चला निघताना विनय आरशासमोर शर्टाची बटणं लावत होता, तो तिथेच खाली बसला. डोक्यात रक्तस्राव. मुलुंडमधल्याच एका हॉस्पिटलात नेलं. नाव सांगत नाही, त्यांचा काही दोष नाही. पोचलो तेव्हाच तो बेशुद्ध होता, मग ऑपरेशन, मग तोंडात नळी. त्या हॉस्पिटलात विनय एक शब्दही बोलला नाही, एवढं कृपया लक्षात ठेवा. ऑपरेशन मात्र छान झालं. सर्जन म्हणाले, सूज उतरली की शुद्धीवर येतील, चान्स चांगला आहे.

आयसीयूत त्याच्या शेजारच्या कॉटवर परब नावाचे गृहस्थ होते. मालवणकडचे, वडील गिरणीत होते, यांचं घाटकोपरला झेरॉक्सचं दुकान. न्यूमोनियाने दोन्ही फुप्फुसं गेलेली, तेही व्हेंटिलेटरवर. त्यांच्या बायकोला डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं होतं, गावाकडून कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.

ती बाई आणि मी बाहेर एकाच बाकावर बसायचो. ती थर्मासमधला चहा मला दिल्याशिवाय स्वतः प्यायची नाही. गावाला फोन करून तिने देवळात नवऱ्यासाठी गाऱ्हाणं घालून घेतलं होतं, तेही मला सांगितलं. मी तिच्या हातावर हात ठेवून म्हटलं, “देवावर भरवसा ठेवा हो, वहिनी.” माझा माणूस वाचणार होता, तिचा जाणार होता, आणि मी तिला भरवसा शिकवत होते.

मग आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, साखळी प्रार्थना ठेवली. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकेका घराने एकेक तास वाटून घ्यायचा. ज्याचा तास असेल त्याने असेल तिथून, घरातून, ऑफिसातून, त्या एकाच आजारी माणसासाठी प्रार्थना करायची, आणि तास संपला की पुढच्याला फोन. मध्ये खंड पडू द्यायचा नाही. विनयसाठी म्हटल्यावर तास कमी पडले, एवढी माणसं पुढे आली.

त्या दिवशी दुपारी मी बाकावर बसले होते. आणि अचानक माझी भीती गेली. कमी झाली नाही, गेली. डोक्यावरची तांदळाची गोणी कोणीतरी मागून उचलून घ्यावी, तसं झालं. घरी जायचं, हे मला ‘वाटलं’ नाही, मला कळलं. देवावर खरोखर सोडून दिलं की एक शांती मिळते, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. ती अशी असते होय, असं मनात आलं. पुण्याला लेकीला फोन केला आणि म्हटलं, “रडू नको गं, बाबा घरी येणार. मला कळलंय.” आणि त्या बाकावर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मला गाढ झोप लागली.

सिस्टरने खांद्याला हलवून उठवलं. विनय गेला होता.

त्याच संध्याकाळी परबांचा ऑक्सिजन वर यायला लागला. काही दिवसांनी नळी निघाली, मग तो माणूस चालत घरी गेला. बरी होतात माणसं कधीकधी औषधाने, तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. मला तेव्हा कशातच काही वाटत नव्हतं.

मयताला चर्च भरलं होतं. प्रभूने आपल्या माणसाला बोलावून घेतलं, असं सगळे म्हणाले. एक बाई तर जिन्यात हळूच म्हणाली, विश्वास कुठेतरी कमी पडला असेल. मी तिला काही बोलले नाही, कारण बोलले असते तर जिन्यातच तमाशा झाला असता.

मला राग विनय गेल्याचा नव्हता. म्हणजे होता, पण माणसं जातात हे मला कळतं. मला राग त्या दुपारचा होता. नाही म्हणायचं तर नाही म्हणायचं ना. मी नकार ऐकू शकते, आयुष्यभर नकाराची पत्रं मीच लिहिली. पण आधी मंजूर झालं म्हणून कळवायचं, माणसाला निवांत झोपवायचं, आणि त्याच झोपेत... आमच्या ऑफिसात याला फसवणूक म्हणतात. दुसरा शब्द नाही. मी देवाला तोंडावर सांगितलं, तू मला फसवलंस.

गणपती होऊन गेल्यावर एका रविवारी दुपारी बेल वाजली. परब नवरा-बायको, हातात कोकमाची आणि कुळथाच्या पिठाची पिशवी. मी आत बोलावलं. परब नेमके विनयच्या खुर्चीत बसले. तो माणूस तिथे धडधाकट बसलेला बघून मला त्याचा राग आला, खोटं कशाला बोलू. चहा ठेवला तोही रागातच.

कप हातात घेऊन परब म्हणाले, “वहिनी, एक विचारू? तुमच्याकडे विनय कोण?”

“माझे मिस्टर.”

ते बायकोकडे वळले. “बघ. मी हिका सांगतंय, तर हिचो विश्वास नाय.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मी तिकडे पडलेलो ना, तेव्हा एक दिवस मला माणसं ऐकू येत होती. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरी. सगळे आपले विनय, विनय. विनयला उठव, विनयला बरं कर... माझ्या कानात. मी ओरडून सांगत होतो, अहो मी परब, राँग नंबर लागलाय तुमचा. कोण ऐकेल तर शपथ.”

मी ताठ बसले. नाव तर पेशंटच्या कॉटला लावलेलं असतं, सिस्टर बोलतात, कानावर पडलं असेल. क्लेमवाल्याला विचारावं तसं मी विचारलं, “नेमकं काय ऐकलंत?”

त्यांनी डोळे मिटून आठवून सांगितलं. एक बाई प्रार्थना करता करता मध्येच म्हणाली, गॅस बारीक कर गं, दूध जाईल, आणि परत सुरू झाली. एक माणूस होता, त्याच्याभोवती नुसते हॉर्न. तो म्हणाला, प्रभू, एक मिनिट हां... मग कोणाला तरी, साहेब, लायसन घरी राहिलंय... आणि परत प्रार्थना. आणि एक म्हातारबुवा गाणं म्हणत होते. दुसरं कडवं विसरायचे आणि पुन्हा पहिल्यापासून धरायचे. “ते काय संपेनाच,” परब म्हणाले.

दुसरं कडवं कोण विसरतं हे आमच्या अख्ख्या मंडळीला माहीत आहे. मी तिथेच, त्यांच्यासमोर, मंडळीतल्या सुशीलाकाकूंना फोन लावला. सकाळचा, दूध तापवायच्या वेळेचा तास त्यांचा होता. विचारलं, “काकू, साखळीच्या दिवशी तुमच्या तासात दूध उतू गेलं होतं का?”

काकू म्हणाल्या, “तुला कोणी सांगितलं गं? घरात नातीशिवाय कोणी नव्हतं. गेलं नाही, वाचलं... पण माझा जीव अडकला बाई त्या दुधात. तेव्हापासून मला वाटतंय, म्हणून तर विनय...” त्या रडायला लागल्या. काकूंचं समाधान करून मी फोन ठेवला.

लायसनवाले आमचे भालेराव. त्यांना रात्री विचारलं. पवईला सिग्नलवर पोलिसाने धरलं होतं आणि ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

पण ते रात्रीचं. अजून परब माझ्यासमोर बसलेले होते. चहा गार झाला होता. त्यांची बायको हळूच म्हणाली, “आता ता पण सांगा.”

“नको.”

“सांगा. तेंचो माणूस तो.”

परबांनी कप खाली ठेवला. “वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. मी असा राँग नंबर, राँग नंबर करत होतो ना, तर बाजूच्या कॉटवरून एक माणूस बोलला. अगदी नॉर्मल, आता आपण बोलतोय तसा. म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही.”

मी त्यांचा कप उचलून ट्रेमध्ये ठेवला.

“आणि काय सांगू,” परब म्हणाले, “छातीवर गोणी ठेवलेली असावी आणि कोणी उचलून घ्यावी, तसं झालं. भीतीच गेली. घरी जायचं हे मला कळलंच.”

तीच गोणी. तेच घर. तो दिवस मी लेकीखेरीज कोणाला सांगितला नव्हता, आणि तिलाही गोणीबद्दल बोलले नव्हते. म्हणजे त्या बाकावर मला जे मिळालं ते माझं नव्हतंच का? शेजारच्या घरातलं तळण आपल्या घरात दरवळावं, तेवढंच ते माझ्यापर्यंत आलं होतं का? आणि मी त्यावर विसंबून लेकीला शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात जाऊन सिस्टरना भेटले. त्या म्हणाल्या, तुमचे मिस्टर आले तेव्हापासून बेशुद्ध, नळी शेवटपर्यंत होती. आणि परबांनाही त्या दिवसांत झोपेची औषधं चालू होती. बोलणं शक्यच नाही. दोघांचंही नाही. परब रचून सांगत असतील, तर दूध आणि लायसन त्यांना कुठून कळलं? आणि विनयचं ते वाक्य? मी उलटसुलट सगळं तपासलं. इतक्या वर्षांत असा क्लेम माझ्यासमोर आला नव्हता.

पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना म्हटलं, मला ही साक्ष द्यायची आहे. ते चष्मा पुसत म्हणाले, “नको ताई. लोक गोंधळतील. आपण विनयसाठी मागितलं होतं ना...” मी म्हटलं, मी तेच तर विचारतेय. त्यावर ते म्हणाले, प्रार्थना करू या. मी उठून आले.

चर्चला अजून जाते. लोक समजतात, बाई सावरली. मी भांडायला जाते. भांडायला समोर कोणीतरी आहे एवढा भरवसा उरलाय, त्यापेक्षा जास्त नाही. परब दर महिन्याला फोन करतात, भला माणूस आहे, त्यांचा राग आता येत नाही. या सगळ्याचं स्पष्टीकरण कोणाकडे असेल तर जरूर लिहा. माझ्याकडे नाही.

फक्त एक गोष्ट मला गिळता येत नाही. देणारा देव असो की विनय, नंबर त्याने त्याचा द्यायचा होता. मी नेहमीसारखी त्याच्या मागेच उभी होते, त्याला घरी न्यायला. आणि मला घाई होती.