थारोळ्याचं पाणी

दुर्गाबाई माळणीच्या तोंडाला अख्खं अंजनगाव भ्यायचं. बाजारात कोणी तिच्या वांग्याला नख लावून पाहिलं की ती त्या गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि मग वांगी मात्र चोख तोलून द्यायची. नवरा गेल्यापासून मळा तिनं एकटीनं राखला. मुलगा होता, देवमन. होता म्हणजे जेवायला होता. ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे वळायचं, एवढीच अक्कल देवानं त्याच्या पदरात घातली होती.

अठ्ठावन्न सालच्या त्या हिवाळ्यात दुर्गाबाईचा सगळा राग एका माणसावर साठला होता. ते माणूस म्हणजे तिची थोरली जाऊ, मैनाबाई. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून, मळ्यातली विहीर सामाईक. देवमनची बायको रमा, गरीब गाय. तिची दोन लेकरं एकापाठोपाठ तान्हेपणीच गेली. झालं, मैनाबाईला चघळायला विषय मिळाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"इच्या हातचं काई जगत नाई," ती पाणवठ्यावर सांगत सुटली. देवमनला दुसरी करून द्यायची, रमाला माहेरी धाडायचं, असा तिचा बेत. धामणगाव रेल्वे या गावची एक मुलगीसुद्धा हेरून ठेवली होती, माघात पाहुणे येणार होते. पहिली असताना दुसरी करायची नाही असा कायदा झाला होता म्हणे, पण तो मैनाबाईच्या ओसरीपर्यंत काही पोचला नव्हता. आणि रमाला माहेर तरी कुठलं? एक भाऊ, आणि त्याची बायको अशी की दिवाळीला गेलेल्या नणंदेला तिनं दुसऱ्यांदा भाजी वाढली नव्हती.

"माही सून हाये, किडकं वांगं नाई फेकून द्याले," दुर्गाबाई भिंतीवरून ऐकवायची. पण देवमन मूग गिळून बसायचा. त्याच्या त्या गप्प बसण्यानं ती आतून जळायची.

पालकावर गोगलगाई फार झाल्या म्हणून तिनं अचलपूरच्या बाजारातून बदकांची जोडी आणली होती. बदकीण मोठी बिनघोर बाई. अंडं टाकायची आणि विसरून जायची. शेवटी रमानं ती अंडी गोळा करून खुडूक कोंबडीखाली ठेवली. पिल्लं निघाली, पिवळीजर्द. त्या दिवशी रमा हसली. केव्हापासून या घरात ती हसली नव्हती. "हसून काय रायली, पाणी आण," दुर्गाबाई खेकसली आणि गोठ्यात जाऊन डोळे पुसून आली.

आणि आठवडा जातो न जातो तोच पिल्लांना काहीतरी झालं. डोळे चिकटले. दोघातिघांचे पाय दोन बाजूंना फाकले, उठताच येईना. एकाचं तर मागचं तोंडच घाणीनं बंद झालेलं. मैनाबाईनं भिंतीवरून मान काढली. "पाहा बाप्पा. सांगतलं होतं ना मी."

दुर्गाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग आला की तिची जीभ आणि हात दोन्ही सारखेच चालायचे. तिनं आधी पिल्लांचं घर पाहिलं. मांजर खाईल म्हणून रमानं ती आपल्या लग्नातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली होती.

"अवं येडे, पत्र्यावर माणूस घसरते, ह्याईचे पाय त् काडीएवढे," असं म्हणत तिनं पेटीत तरट अंथरलं. फाकलेले पाय जुन्या लुगड्याच्या चिंधीनं जोडून बांधले, चालता येईल इतकी ढील ठेवून. मिठाचं पाणी उकळून कोमट केलं आणि घरच्या कापसाच्या बोळ्यानं एकेक डोळा पुसून काढला. पिल्लं प्यायची त्या उथळ झाकणीत जेमतेम चोच भिजायची. ती झाकणी तिनं फेकली आणि गाडगं ठेवलं, आत गोटे घालून, म्हणजे पिल्लू पडायला नको पण मान डोळ्यापर्यंत बुडावी. "डोये धुवाले पाणीच नाई त् चिकटतीनच ना," ती म्हणाली. बंद झालेलं तोंड कोमट पाण्यानं सोडवलं आणि तेलाचं बोट फिरवलं. नुसती तांदळाची कणी घालणं बंद. तिच्यात गव्हाचा कोंडा आला, बारीक चिरलेला पालक आला. हे सगळं चाललं शिव्यांच्या तालावर. पिल्लाला एक बोळा, मैनाबाईला एक शिवी.

"आन् आयक," तिनं रमाला बजावलं, "पंख येईस्तोवर ह्याईले पोहाले सोडू नोको. ते अचलपूरची इकणारी सांगत होती. बदकीखाली निंगाले असते त् तिच्या आंगचं तेल लागलं असतं. कोंबडीजवळ कुठून येन तेल? भिजले का गारठले."

पिल्लं सावरली. चिंध्या सुटल्या. रमाच्या मागं मागं अंगणभर रांग फिरू लागली, आणि मैनाबाईची मान काही दिवस भिंतीवर दिसली नाही.

माघातला बाजाराचा दिवस. दुर्गाबाई पहाटेच टोपल्या घेऊन गेली आणि दुपारी परतली, तर ओसरीवरच्या खाटेवर धामणगावचे वामनराव बसलेले, मुलीचा बाप. मैनाबाई चहाची कपबशी घेऊन उभी. देवमन खांबाला टेकलेला. आणि तिकडे विहिरीजवळ, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या काठावर रमा बसलेली. पदरात पिल्लं. बरीचशी मेलेली, उरलेली भिजून थरथरत होती.

"पाहून घ्या वामनराव," मैनाबाई म्हणाली. "सकायी चांगले होते. इच्या हातानं गेले."

दुर्गाबाईनं टोपली खाली टाकली. "पाण्यात कोनं टाकले?"

मैनाबाईनं रमाकडे हनुवटी उडवली. पण देवमनच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

"तू?"

"मोठी माय म्हणे, पाहुणे याच्या आंधी पिल्लाईले पाणी दाखवून घे," देवमन मैनाबाईकडे बघत पुटपुटला. "घरची रीतच हाये ना आपली. वासरू असो का लेकरू, थारोयात बुडवून काहाडतो आपण. आन् बदकाचं पिल्लू पाण्यात मरते का कुठी?"

"रमानं सांगतलं नोयतं तुले?"

"सांगतलं होतं. पण..."

"आन् ते तिच्या नावावर लावून रायले तवा तुह्या तोंडात काय बोया कोंबला होता? चोर ओसरीत आन् फाशी सुनेले." तिचा हात उठला होता. पण पदरातलं एक पिल्लू हललं आणि ती तशीच वळली. आधी जीव, मग भांडण. पिल्लं उचलून ती चुलीपाशी गेली. कोरड्या फडक्यानं पुसलं, गरम विटेला गोधडीचा तुकडा गुंडाळून टोपलीत घातला आणि त्यावर ती ठेवली. तोंडाचा पट्टा सुरूच होता. खुनी म्हणाली, करंटा म्हणाली, माझ्या पोटी धोंडा का नाही आला म्हणाली.

रमा शेजारी पिल्लू पुशीत होती. खाली बघतच म्हणाली, "आत्याबाई, तवा बी मी नोको म्हणत होती."

"कवा?"

"दोन्ही खेपेले. दोघं बी पुसातलेच होते. पाणी लय गार होतं."

दुर्गाबाईचा हात थांबला. दोन्ही नातवंडं ऐन पौषात थारोळ्यावर तिनंच नेली होती, वाजतगाजत. रमा नको म्हणाली तेव्हा "रीतीले आडवी येते का" म्हणून तिनंच तिला गप्प केलं होतं. थोरलं त्याच रात्री फणफणलं. धाकटं चार दिवस खोकत होतं. तिला कोणावर तरी ओरडायचं होतं. सवयीनं तोंड उघडलं, पण ओरडायला समोर कोणी उरलंच नव्हतं.

ती बाहेर आली. वामनराव काहीतरी लग्नाच्या तिथीचं बोलत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"वामनराव, हे पिल्लं माह्या पोरानं मारले. आन् रमाचे दोन लेकरं मी मारले. पुसाच्या थंडीत, ह्याच थारोयात बुडवून. ते नोको म्हणत होती, मी तिचं तोंड दाबलं. ज्याच्या हातानं मरते त्याले घरातून काहाडाचं असन त् मले काहाडा. तुमची पोरगी द्याची त् द्या. पण इथं लेकरं कोण मारते ते पाहून द्या."

वामनरावांनी टोपी घातली आणि चहा तसाच ठेवून ते एस.टी. गाठायला निघाले. मैनाबाई काहीबाही बोलत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच दुर्गाबाईनं तिला उलट उत्तर दिलं नाही. देवमन अजून खांबालाच टेकलेला होता. ती त्याच्या अंगावरून सरळ आत गेली.

चुलीपाशी टोपलीत तीन पिल्लं उरली होती. रमानं त्यातलं सगळ्यात अशक्त उचललं, फडक्यात धरलं आणि सासूपुढं केलं. "तुमी धरा. तुमाले समजते."

दुर्गाबाईनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. "नोको, माय," ती म्हणाली, "तुह्याच हातात राहू दे."